खोल पाण्यातला मासा आणि आपली हद्द

फ्लाय फिशिंग म्हटले की पाण्यावर तरंगणारी पिसांची नकली माशी आठवते. पण अमेरिकेतल्या माँटाना राज्यातील मॅडिसनसारख्या नद्यांतला मोठा ब्राऊन ट्राउट वर येऊन माश्या टिपण्यापेक्षा तळाशी राहून लहान मासे खाणे पसंत करतो. त्याच्यासाठी पिसे आणि केस बांधून लहान माशासारखा दिसणारा गळ तयार करतात. त्याला स्ट्रीमर म्हणतात. अडचण एवढीच की तरंगणारी लाइन ओढली की स्ट्रीमरही वर उचलला जातो.

त्यावरचा उपाय म्हणजे सिंकिंग टिप. या लाइनीचा मागचा भाग तरंगतो. पुढच्या दहा-पंधरा फुटांच्या आवरणात मात्र टंगस्टनची पूड मिसळलेली असते, त्यामुळे तेवढेच टोक बुडते. ‘टाइप ३’ सेकंदाला सुमारे ३ इंच बुडते, ‘टाइप ६’ सुमारे ६ इंच. म्हणजे ६ फूट खोल जायला पहिलीला २४ सेकंद लागतात, दुसरीला १२. प्रवाह सेकंदाला ३ फूट धावत असेल, तर १२ सेकंदांत लाइन ३६ फूट वाहून जाते. म्हणून ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायची आणि ताण न देता बुडू द्यायची. पुढचा लीडरही तीन-चार फुटांचाच ठेवायचा. तो लांब असला तर टोक तळाशी आणि स्ट्रीमर वर, अशी गत होते.

साधन म्हणून मी सिंकिंग टिपच्या बाजूचा आहे. गळालाच जड वजन बांधले तर तो दगडासारखा पडतो. टिपमागचा हलका स्ट्रीमर खऱ्या माशासारखा पोहतो. माझा आक्षेप साधनावर नाही, ते कधी वापरतो यावर आहे.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा गार, खोल डोहाचा आसरा घेतो. सिंकिंग टिप नेमकी तिथे पोहोचते. दमवून वर ओढलेला मासा मग सोडून दिला तरी जगेलच असे नाही. म्हणूनच माँटानात सलग तीन दिवस पाणी ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअसला पोहोचले, की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवण्याचा निर्बंध लावला जातो.

“आम्ही मारत नाही, सोडून देतो,” असे छंदी लोक म्हणतात. पण सूरह अल-माइदामध्ये पाण्यातली शिकार हलाल ठरवताना ती तुमच्यासाठी आणि प्रवाशांसाठी शिदोरी आहे, असेही सांगितले आहे. परवानगी अन्नाशी जोडलेली आहे. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली होती. खायचे नाही, फक्त झुंज अनुभवायची, तीही मासा गुदमरत असताना, हे मला या शिकवणीशी जुळणारे वाटत नाही. हा फतवा नव्हे, माझे मत आहे.

सूरह अल-आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकीकत आहे. शब्बाथच्या दिवशी मासेमारीला बंदी होती आणि मासे नेमके त्याच दिवशी उघड्यावर येत. लोकांनी आदल्या दिवशी जाळी लावून दुसऱ्या दिवशी मासे उचलण्याची पळवाट काढली, असे भाष्यकार सांगतात. युक्ती त्यांच्याकडे भरपूर होती, हद्द पाळण्याची तयारी नव्हती. मासा हाताशी येतो, तेव्हाच आपली परीक्षा असते.

आपल्या कोकणात दालदी आणि कोळी बांधवांना हे वेगळे सांगावे लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात, आणि त्यात त्यांची रोजीरोटी अडते. ज्यांचे पोट मासेमारीवर नाही, त्यांना तर थांबणे सोपेच असायला हवे.

म्हणून ट्राउटच्या नदीवर जाणाऱ्याने खिशात थर्मामीटर ठेवावा. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर सरकारी निर्बंधाची वाट न पाहता लाइन गुंडाळावी. पाणी गार असेल आणि नियम परवानगी देत असतील, तर घरी शिजेल तेवढा मासा घ्यावा आणि परतावे.