मिल्कशेकातील दूध कोठे गेले?

पदार्थाचे नाव आणि त्याचे अंतरंग यांचा काडीमोड झाला म्हणजे नावाची किंमत वाढते आणि अंतरंगाची चौकशी थांबते. आपल्या शहरांतील पुष्कळ उपाहारगृहांतून ‘चॉकलेट मिल्कशेक’ या नावाने जे पेय उंच पेल्यातून पुढे येते, त्याची आज हीच अवस्था झाली आहे. पेल्याच्या काठावर बिस्किटे रोवलेली, आतल्या बाजूस काळ्या पाकाची नक्षी ओढलेली, माथ्यावर फेसाचा डोंगर रचलेला. आणि या सगळ्या सरंजामाच्या खाली, जेथे दूध असावयास पाहिजे तेथे, बर्फाचा चुरा, साखर आणि पाणी यांचा संसार सुखाने चाललेला! चैनीला आमचा विरोध नाही. ज्याला ऐपत आहे त्याने ती खुशाल करावी. परंतु ज्या वस्तूचे पैसे घेतले ती वस्तू पेल्यात असावी, एवढेच आमचे मागणे आहे.

एवढ्याशा पेयासाठी वाङ्मयीन मासिकाची पाने कशाला खर्ची घालावी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, हे पेय प्रामुख्याने मुले पितात आणि माणसाची रुची लहानपणीच घडते. आठव्या वर्षी ज्याच्या जिभेला गोड बर्फालाच दूध म्हणावयाची सवय लागली, तो तिसाव्या वर्षी दुधातील भेसळ कशी ओळखणार? भेसळ करणारा कायद्याला भितो त्याहून अधिक जाणत्या जिभेला भितो. ती जीभच बोथट करून टाकली की त्याचे काम बिनबोभाट होते. म्हणून प्रश्न पेल्याचा दिसला तरी तो पारखीचा आहे.

या पेयाचा इतिहास पाहिला तरी आमच्या म्हणण्यास पुष्टीच मिळते. मिल्कशेकची जन्मभूमी अमेरिका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या देशात या शब्दाने अंडे व मद्य घातलेल्या, केवळ प्रौढांच्या पेयाचाही बोध होत असे. पुढे मद्य गेले आणि दूध व पाक उरले. विल्यम व जेम्स हॉर्लिक या बंधूंनी विस्कॉन्सिनमधील रसीन गावी माल्ट आणि दूध यांची भुकटी सिद्ध करून १८८३ मध्ये तिचे पेटंट मिळविले, आणि ती भुकटी औषधी दुकानांतील सोड्याच्या काउंटरवर येऊन बसली. तेथे दूध, चॉकलेटचा पाक व चमचाभर माल्ट यांचे पेय मिळू लागले. १९२२ मध्ये शिकागोच्या वॉलग्रीन दुकानातील आयव्हर कूल्सन या कामगाराने त्यात व्हॅनिला आइस्क्रीमचे दोन गोळे टाकले आणि आज आपण ओळखतो तो दाट मिल्कशेक लोकप्रिय झाला. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, कूल्सनने दुधात जी भर घातली ती दुधाचीच होती. त्याने दूध काढून त्या जागी दुसरे काही भरले नाही.

त्याच अमेरिकेच्या ईशान्य भागात शब्दांची शुचिता किती कसोशीने पाळतात पाहा. बोस्टनकडील जुन्या चालीप्रमाणे मिल्कशेक म्हणजे पाक घालून घुसळलेले नुसते दूध. त्यात आइस्क्रीम पडले की त्याला ‘फ्रॅप’ म्हणावयाचे, आणि शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये त्यालाच ‘कॅबिनेट’ म्हणावयाचे. दोन वस्तू, म्हणून दोन नावे. आमच्याकडे दहा वस्तूंना एकच नाव, आणि त्यांतल्या काहींत नावातील पहिल्या शब्दाचा थेंबही मुश्किलीने सापडावा!

आता उत्तम चॉकलेट मिल्कशेक कशाला म्हणावे, हे सांगणे आम्हांस प्राप्त आहे. कारण नुसते दोष काढून स्वस्थ बसणारा टीकाकार अर्धेच काम करतो. प्रथम चॉकलेटचा विचार करू. कोकोच्या बियांत जे लोणी असते ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणूनच चॉकलेटची वडी तोंडात विरघळते, आणि म्हणूनच वितळविलेले चॉकलेट थंड दुधात ओतताच गोठून त्याच्या मेणचट कण्या होतात. या अडचणीतून सुटण्याचा मार्ग १८२८ मध्येच मोकळा झाला. त्या वर्षी हॉलंडमधील व्हान हाउटेन यांनी दाबयंत्राने कोकोतील बरेचसे लोणी काढून घेण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि कोकोची भुकटी सुलभ झाली. ही भुकटीही दुधात खऱ्या अर्थाने विरघळत नाही, ती केवळ मिसळून राहते. थंड दुधात कोरडी टाकली तर तिच्या गुठळ्या होतात. सबब दोन मोठे चमचे कोको, तितकीच साखर आणि चिमूटभर मीठ तीन मोठे चमचे उकळत्या पाण्यात कालवून, मंद आचेवर दोन मिनिटे शिजवून, तो पाक पूर्ण गार करावा. मिठाचा कण पाहून कोणी हसू नये. कोकोचा कडवटपणा त्याने सौम्य होतो.

मग दोन मोठे गोळे, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, व्हॅनिला आइस्क्रीम, १०० मिलिलिटर गार सायीचे दूध आणि वरील पाक एकत्र करून थोडाच वेळ घुसळावे. अधिक वेळ यंत्र फिरविले तर मिश्रण तापते आणि पातळ होते. पेला आधीच गार करून ठेवावा. बर्फ मात्र कदापि घालू नये. बर्फ हे गोठलेले पाणीच असल्यामुळे वितळताना तो दुधाची चव घालवतो; मग ती झाकण्यासाठी साखर वाढवावी लागते. शिवाय थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते, ही बाब विक्रेत्याच्या पथ्यावर पडते आणि साखरेचा अतिरेक पिणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेली व तत्सम साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. प्रौढ माणसाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम होते. नक्षी, फेस, बिस्किटे आणि पाक मिळून एका पेल्यात ही मर्यादा ओलांडणे मुळीच कठीण नाही, आणि पिणारे तर मूल असते.

पेल्यातल्या लबाडीहून सूक्ष्म लबाडी पुरवठ्याच्या डब्यात असते. भारतीय अन्नमानकांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता निदान दहा टक्के असावी लागते. दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती-तेल वापरलेल्या थंड पदार्थास ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते, व तसे वेष्टनावर छापावेही लागते. हा पदार्थ विकणे गुन्हा नाही. परंतु उपाहारगृहात वेष्टन आतल्या खोलीत राहते आणि बाहेर केवळ पेला येतो. कायद्याने डब्यावर लिहावयास लावलेले सत्य पेल्यावर कोण लिहिणार? कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी तेले घातलेल्या ‘कंपाउंड’ वड्यांची गोष्टही याहून निराळी नाही.

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा शहरी एका उपाहारगृहाने २०१५ मध्ये केक, बिस्किटे व मिठाई यांचे मनोरे पेल्यावर रचून ‘फ्रीकशेक’ नावाचे प्रकरण गाजविले आणि त्याची साथ जगभर पसरली. त्या लोकांनी निदान नावातच विक्षिप्तपणाची कबुली दिली होती. आमच्याकडे मनोरा आला, कबुली मात्र वाटेतच गळाली.

या विवेचनावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. विक्रेते म्हणतील, चांगले दूध व खरे आइस्क्रीम घातले तर भाव परवडणार नाही. यावर आमचे म्हणणे असे की, मग पेला लहान करावा. बर्फाने भरलेल्या मोठ्या पेल्यापेक्षा दुधाचा लहान पेला केव्हाही श्रेयस्कर. स्वस्ताईचाही प्रामाणिक मार्ग असतो. दुधाची टंचाई असताना १९४६ मध्ये मुंबईत दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने म्हशीच्या दुधात पाणी व मलईरहित दुधाची भुकटी मिसळून दूध सर्वांच्या आटोक्यात आणण्याचा उपक्रम झाला. परंतु त्याला ‘टोन्ड’ असे वेगळे नाव देण्यात आले. निर्भेळ दूध म्हणून ते कोणाच्या गळ्यात बांधले नाही.

दुसरा पक्ष शुद्धिवाद्यांचा. ते म्हणतील, हे परकीय थेरच नकोत. आपले मसाला दूध काय वाईट आहे? मसाला दूध मुळीच वाईट नाही, आणि कोजागरीला त्याची जागा कोणी घेऊही नये. पण कोको ज्या अमेरिका खंडातून आला तेथूनच मिरची व बटाटा आले, आणि त्यांच्यावाचून या पक्षाचा एक दिवसही जात नाही. दुधात काही कालवून खाण्याची कला तर आमच्या घरात शिकरणाच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, आणि दाट दुधावर आइस्क्रीम घालणारी पुण्याची मस्तानी ही मिल्कशेकची सख्खी बहीणच होय. परकेपणा हा या पेयाचा दोष नाही. दोष असलाच तर तो खोटेपणाचा आहे.

पालकांनी याबाबतीत काय करावे? पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे: बर्फ घालता काय? आइस्क्रीम आहे की फ्रोझन डेझर्ट? खरा कोको आहे की नुसते कृत्रिम सार? उत्तरे न मिळाल्यास एक परीक्षा आपल्या हाती आहे. पेला थोडा वेळ तसाच ठेवावा. खरा मिल्कशेक वितळला तरी त्याचे एकजीव, पिण्याजोगे चॉकलेटचे दूध राहते. बर्फाच्या मिश्रणात मात्र खाली फिकट पाणी आणि वर फेस असे दोन थर निराळे होऊ लागतात. ही परीक्षा मुलांच्या देखत करावी आणि निकालही त्यांनाच देऊ द्यावा. पुढच्या खेपेस दुकानदाराला प्रश्न तीच विचारतील.