इंजिन थांबलं, पिस्टन सजला!

गॅरेजच्या बाकड्यावर बसून गाडीचं इंजिन खोलताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचा संवाद पाठ असेल. मेकॅनिक नवे भाग बसवतो, हात पुसतो आणि जुन्या भागांचं काळंकुट्ट गाठोडं पुढे सरकवतो. “साहेब, घरी नेताय की ठेवून घेऊ?” साहेब नाक मुरडतात. मग पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, दात झिजलेले गिअर असं सगळं एका पोत्यात जातं आणि पोतं भंगारवाल्याच्या काट्यावर.

पण हल्ली त्या पोत्यातल्या काही वस्तूंचं नशीब उघडलंय. पिस्टनवर होल्डर बसतो आणि टेबललॅम्प तयार होतो. क्लच प्लेटच्या मधोमध घड्याळाचं मशीन बसतं. चेनची शेपटी, गिअरचे डोळे आणि वॉशरचे खवले असलेला मासा भिंतीवर पोहू लागतो. त्यावर लालभडक, काळा नाहीतर तांब्याच्या झाकेचा पावडर कोटिंगचा साज! दिवाणखान्यात शोकेसजवळ ठेवलेली अशी वस्तू पाहून पाहुणे आधी “किती छान!” म्हणतात आणि मग जवळ जाऊन विचारतात, “अहो, हे आहे तरी काय?”

हा उद्योग शोभून दिसावा असं गाव म्हणजे भिलाई. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकून आपण या पोलादनगरीत पोहोचतो. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. विदर्भातल्या कितीतरी घरांत तेव्हापासून एखादा मामा किंवा थोरला दीर “भिलाईला प्लँटमध्ये” असतो. प्लँटच्या आसऱ्याने नंदिनी रोड, हाथखोज या भागांत लहान-मोठे कारखाने उभे राहिले. वेल्डर, लेथवाला, गाळेवाला असे सगळे हाकेच्या अंतरावर.

आणि नेमकी इथेच या कलेची खरी परीक्षा आहे. पोलादाच्या गावात लोखंडाचं अप्रूप कुणाला? भिलाईकराच्या नजरेतच तराजू असतो. दिवा हातात घेतला की तो आधी वजनाचा अंदाज करतो, मग भंगाराचा भाव आठवतो आणि मग कपाळाला आठी घालून विचारतो, “एवढे पैसे कशाचे?”

त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. भंगारकलेचे कौतुक करणारे लगेच पर्यावरण वाचवल्याच्या गोष्टी करतात, त्या जरा जपूनच ऐकाव्यात. लोखंडाचं भंगार तसं वाया जात नाहीच. पोलाद बनवताना कन्व्हर्टरमध्ये वितळलेल्या लोखंडाबरोबर भंगारही घालतात आणि त्याचं पुन्हा पोलाद होतं. तुमच्या टेबललॅम्पमुळे फार तर दोन-अडीच किलो धातू भट्टीबाहेर राहिला! मग वाचलं काय? वाचला तो आकार. कनेक्टिंग रॉड म्हणजे तापवून, ठोकून घडवलेलं आणि मग केसाच्याही अंशाइतकं अचूक कातलेलं काम. भट्टीत धातू उरतो, पण ही कारागिरी विरघळून जाते. कलावंत ती जशीच्या तशी उचलतो आणि तिला दुसरं काम देतो.

आकाराबरोबर आठवणही वाचते. आपली ‘विक्रांत’ आठवा. 1961 साली नौदलात आलेली आणि 1971 च्या युद्धात गाजलेली ही विमानवाहू नौका 1997 साली निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं तिचं तरंगतं संग्रहालय होतं. पुढे ती भंगारात विकली गेली आणि 2014 च्या अखेरीस तिच्यावर गॅसकटर चालू लागले. मुंबईकर हळहळले. पण भंगारातून शिल्पं घडवणारे मुंबईचे शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी तिच्याच धातूतून स्मारकशिल्प उभं केलं. जानेवारी 2016 मध्ये नौदल गोदीजवळ, लायन गेटपाशी त्याचं अनावरण झालं. त्या धातूचं वजन करून त्याची किंमत सांगा म्हटलं तर कोण सांगेल? भिलाईकरांसाठी या गोष्टीला आणखी एक पदर आहे. सप्टेंबर 2022 मध्ये जी नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, तिच्यासाठी ‘सेल’ने सुमारे 30 हजार टन खास पोलाद पुरवलं आणि ते ज्या कारखान्यांतून गेलं, त्यांत भिलाई होतं.

दिल्लीकरांनी तर भंगाराची आख्खी बाग केली. 2019 साली सराय काले खाँजवळ खुल्या झालेल्या बागेत ताजमहाल, आयफेल टॉवर अशा जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. त्यांत सुमारे 150 टन भंगार वापरलं गेलं आणि गाड्यांचे सुटे भाग त्यात भरपूर.

आता घरगुती दिव्याकडे परत येऊ, कारण “एवढे पैसे कशाचे?” याचं उत्तर रंगाखाली दडलेलं असतं.

पावडर कोटिंग म्हणजे ब्रशने फासायचा रंग नव्हे. रंगद्रव्य मिसळलेली प्लॅस्टिकसारखी बारीक भुकटी बंदुकीतून उडवतात. उडताना तिला विजेचा भार मिळतो आणि अर्थिंग दिलेल्या, हुकाला टांगलेल्या वस्तूला ती चिकटून बसते. मग वस्तू भट्टीत जाते. साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला दहा-पंधरा मिनिटांत भुकटी वितळते आणि तिचा कडक, सलग थर होतो. जाडी साठ ते ऐंशी मायक्रॉन, म्हणजे जेमतेम एका केसाएवढी. थिनर नाही, वास नाही, ओघळ नाहीत. आपल्या घरातली लोखंडी कपाटं, खिडक्यांची ग्रिलं अशीच रंगतात.

पण कपाटाचा पत्रा कोरा असतो. इंजिनाचा भाग आयुष्यभर तेल प्यायलेला! ओतीव लोखंडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं तेल वरवर पुसून निघत नाही. तसाच रंग चढवला तर भट्टीच्या उष्णतेने ते बाहेर येतं आणि गुळगुळीत थरावर देवीच्या व्रणांसारखी भोकं पडतात. म्हणून जाणकार कारागीर भाग आधी धुतो, घासतो, मग रंगाच्या भट्टीपेक्षा जास्त तापमानाला नुसताच भाजून घेतो आणि धूर निघून गेल्यावर पुन्हा साफ करतो. कित्येक कोटिंगवाले तर असलं काम घ्यायलाच तयार नसतात. शेजारी टांगलेल्या कपाटाच्या दारांना तेलाचा धूर लागला तर नुकसान कोण भरून देणार?

शिवाय सगळे भाग एका धातूचे नसतात. क्रँकशाफ्ट लोखंडी, पण पिस्टन ॲल्युमिनियमचा. चिकट तेल घालवायला लोखंडाला चालणारा कॉस्टिक सोडा पिस्टनला खाऊन टाकतो. दोन्हींना साधं वेल्डिंग करून जोडताही येत नाही, बोल्टच लावावा लागतो. आणि जे काही वेल्डिंग करायचं ते रंगाआधी. एकदा कोटिंग झालं की वेल्डिंगची ठिणगी सगळी मेहनत जाळून टाकते. दोन रंग हवे असतील तर एक भाग उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायचा आणि भट्टीची फेरी पुन्हा.

सुट्टीत मुलांना घेऊन घरीच असा प्रयोग करावा, असं कुणाच्या मनात असेल तर खुशाल करा, पण बेताने. घासणं, जुळवणी, नट-बोल्ट एवढं घरी. कापणं-जोडणं वेल्डरकडे. गाडीच्या शॉकॲब्सॉर्बरला तर हातही लावू नका. त्यात दाबाखालचा वायू असू शकतो आणि तापवल्यास तो फुटतो. काही इंजिनांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ असतात आणि त्यात सोडियम भरलेलं असतं. असा व्हॉल्व्ह कापला आणि त्याला पाणी लागलं तर आग लागू शकते. जुने ब्रेक शूही नकोत, त्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची भीती आहे. आणि हो, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये पावडर भाजण्याचा मोह आवरा. ज्यात केक भाजायचा त्यात हे काम नाही.

रंगाची निवड हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. आमचं मत विचाराल तर सगळ्या वस्तूला एकच झगझगीत रंग नको. गिअर आणि पिस्टन एकसारखे पिवळेधमक केले की ते प्लॅस्टिकचं खेळणं वाटतं आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती घडणच बुजून जाते. मळकट काळा किंवा करडा रंग द्यावा, एखादाच भाग लाल. धातू दिसायला हवा असेल तर पारदर्शक पावडरही मिळते. मात्र तिच्याखाली गंज राहिला असेल तर तो पहिल्याच पावसाळ्यात दिसू लागतो. वस्तू अंगणात ठेवायची असेल तर कोटिंगवाल्याला ‘प्युअर पॉलिएस्टर’ पावडर वापरायला सांगा. इपॉक्सीची पावडर घरात छान टिकते, पण उन्हात पांढुरकी पडते.

आणि विकत घेणार असाल तर पुढून पाहून भुलू नका, वस्तू उलटी करा. पिस्टनच्या पोकळीत, पिनच्या भोकात, गिअरच्या दातांच्या बेचक्यात बोट फिरवा. कोपऱ्याकानाकोपऱ्यांत भुकटी पोहोचवणं सगळ्यात अवघड असतं, घाईचं काम तिथेच उघडं पडतं. बोटाला काळं लागलं तर दिवा खाली ठेवा. नाही लागलं, तर भंगाराचा भाव काढून घासाघीस करू नका. दिव्याची वायर आणि होल्डर चांगल्या प्रतीचे आहेत ना, धातूला अर्थिंग दिलंय ना, एवढं तपासा. भिंतीवरचं घड्याळ असेल तर घरी जाताना जाड स्क्रू आणि फास्टनर घेऊन जा. क्लच प्लेट साध्या खिळ्यावर टिकणार नाही.