बाजरीतलं लोह ताटात येईना

छत्रपती संभाजीनगरात पैठण रस्त्यावर राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पाची शेतं आहेत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या या केंद्रावर बाजरीचं काम चालतं. इथल्या संकरित वाणांच्या नावात 'एएचबी' ही अक्षरं असतात, त्यातला 'ए' औरंगाबादचा. २०२३ मध्ये शहर छत्रपती संभाजीनगर झालं. बियाण्याच्या पिशवीवरचा 'ए' मात्र तसाच राहिला. २०१७ च्या एएचबी १२०० या वाणात किलोमागे ७३ मिलिग्रॅम लोह भरतं. २०१८ च्या एएचबी १२६९ मध्ये ९१ मिलिग्रॅम लोह आणि ४३ मिलिग्रॅम जस्त. नेहमीच्या वाणांत लोह ४५ ते ५० मिलिग्रॅम धरलं जातं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते जेमतेम सहा-सात.

आता दुसरे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ होतं. पाच वर्षांखालच्या मुलांत ते ५३.८ वरून ६८.९ वर गेलं. बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबावर ही मोजणी होते, शिरेतलं रक्त तपासलं तर आकडा खाली येतो, असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे. शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच नसतो. बी-१२ आणि फोलेट कमी पडूनही तो होतो. ही सगळी वजावट केली तरी उरतं ते थोडं नाही.

माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, एका लहान खिळ्याएवढं. त्यातलं दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं असतं आणि फुफ्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम करतं. लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी साठवणीतलं वापरतं. कोठार रिकामं झालं की मगच हिमोग्लोबिन उतरतं. म्हणजे रिपोर्टवर बाराच्या खाली आकडा दिसतो तेव्हा तूट कित्येक महिन्यांची असते. तोवर जिना चढताना लागणारी धाप, दुपारनंतर गळून जाणं, पोरांचं वर्गात लक्ष नसणं, या सगळ्याला घरात एकच नाव असतं, 'अशक्तपणा'. सुनेच्या बाबतीत त्याला 'आळस' म्हणायचीही पद्धत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे, पुरुषाला १९. ज्यांना जास्त हवं त्या सगळ्यांत शेवटी जेवायला बसतात. तोवर पातेल्यात वरणाचं पाणी आणि टोपल्यात पोळ्या उरलेल्या असतात.

बाजरी ताटातून गेली कशी, हे कळायला गिरणीत उभं राहावं. गारखेड्यातल्या आमच्या गिरणीत सकाळी डब्यांची रांग लागते आणि ती बहुतेक गव्हाची असते. बाजरीचा डबा आणला की गिरणीवाला म्हणतो, "ठेवून जा काकू, शेवटी काढतो." बाजरीचं पीठ गव्हात गेलं की पुढचं गिऱ्हाईक कुरकुरतं. हे पीठ टिकतही नाही. दाण्यात तेल बरंच असतं. दळलं की त्यातली विकरं ते तेल फोडायला लागतात आणि आठवड्याभरात पीठ कडू होतं. पाकिटातला गव्हाचा आटा महिनोनमहिने फळीवर बसतो, बाजरीला त्याच्याशी ही शर्यत जिंकता येत नाही. त्यात भाकरी लाटता येत नाही. गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे कढत पाण्यात पीठ मळायचं, हातावर वाढवत थापायचं, तव्यावर पाणी फिरवायचं. वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाईकडे सकाळी एवढा वेळ कुठून येणार? ती पोळ्या लाटते किंवा चहा-खारी घेऊन बस पकडते. तिला 'भरड धान्य खा' असं भाषण देणाऱ्याने एकदा पहाटे पाचला उठून सहा भाकरी थापून पाहाव्यात.

रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, आणि तिथे लोह वेगळ्या वाटेने आणलं गेलं. पोषणयुक्त केलेल्या तांदळात किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावं असा नियम आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालवायला मंजुरी दिली. त्या तांदळाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण कारखान्यात दाणा घडवून त्यात मिसळलेलं लोह किलोला जास्तीत जास्त ४२.५ आणि पैठण रस्त्यावरच्या कणसात ७३-९१, हा हिशेब कोणी तरी मांडायला हवा होता.

मांडताना प्रामाणिक मात्र राहायचं. ६० ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर नेहमीच्या बाजरीतून सुमारे तीन मिलिग्रॅम लोह मिळतं, एएचबी १२६९ मधून साडेपाच. ते सगळं रक्तात जात नाही. बाजरीतलं फायटेट लोहाला धरून ठेवतं आणि आतडं त्यातलं थोडंच उचलतं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या मुलांना लोहयुक्त बाजरीच्या भाकरी रोज देऊन पाहिल्या. २०१५ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षात मुळात लोह कमी असलेल्या मुलांची तूट भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीपेक्षा १.६४ पट दिसली. पुढे मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड वर्षाच्या आतल्या बाळांवर असाच प्रयोग झाला, तिथे एकूण गटात तसा ठळक फरक दिसला नाही. बाजरी हे औषध नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्याच.

आतड्याने लोह उचलावं की सोडावं, हे शेजारी काय आहे त्यावर ठरतं. भाकरीबरोबर लिंबाची फोड, कच्च्या मिरचीचा ठेचा, जेवणावर पेरू असेल तर त्यातलं क जीवनसत्त्व लोह सोडवून घ्यायला मदत करतं. मोड आलेल्या मटकीत फायटेट कमी झालेलं असतं. आणि जेवण झालं की लगेच जो चहा येतो, तो हे सगळं धुऊन नेतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा असं सांगितलं आहे. आमच्याकडे पाहुण्याला जेवणावर चहा विचारला नाही तर तो घरी जाऊन बोलून दाखवतो. लोक बिटाचा रस पितात. बिटात शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नसतं, लाल रंगाने फसायला होतं. गुळाचा खडा चघळून रक्त वाढतं ही समजूतही त्यातलीच. त्यापेक्षा या शहराच्या नानखलियातल्या मटणाचे दोन तुकडे जास्त कामाचे, कारण मांसातलं लोह आतडं सहज घेतं. न खाणाऱ्यांना डाळ, तीळ, पालेभाजी आणि लिंबू यांवर भागवावं लागतं. भागतं, पण ताट रोज नीट मांडावं लागतं.

शाळेत तरी ते मांडलं जावं, तर २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. अंड्यात लोह फार नसतं. पण उत्तम प्रथिनं असतात आणि बी-१२ असतं, जे बाजरीत शोधून सापडणार नाही. ज्या गावात लोकांकडे देण्यासारखं काही नाही, त्याच गावातल्या मुलांना या अंड्याची गरज जास्त.

आणि ही बाजरी? ऑक्टोबरात नवा माल जाधववाडीच्या बाजार समितीत येतो. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, रंग बघतो, दाताखाली एक दाणा फोडून ओल बघतो आणि भाव बोलतो. लोह दाताला कळत नाही. ९१ वाली आणि ४५ वाली बाजरी एकाच ढिगात पडते, एकाच भावाने, एकाच गोणीत भरून जाते. शेतकरी पुढच्या वर्षी वाण निवडतो ते एकरी उतारा, कडबा आणि गोसावी रोग पाहून, आणि तो चुकत नाही, कारण लोहाचे पैसे त्याला कोणी दिलेलेच नसतात.