वातीपासून ध्वजापर्यंत

वणा नदीकाठचे हिंगणघाट हे एकेकाळी केवळ गावाचे नव्हे, तर कापसाचेही नाव होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात ‘हिंगणघाट’ म्हटले की वर्धा खोऱ्यातील ‘बनी’ हा देशी कापूस ओळखला जाई. गावाचे नाव मालाच्या कसाची खूण व्हावे, यापरता सन्मान तो कोणता?

हा कापूस बाजारापुरता उरला नाही. देवापुढील फुलवात, पूजेतील गेजवस्त्र, खांद्यावरील जानवे, अंगावरील धोतर आणि लुगडे, बाळाखालची गोधडी अशा रूपांनी तो घराघरांत नांदला. पऱ्हाट्या चुलीत गेल्या, सरकी गोठ्यात गेली. संस्कृती ग्रंथांत असते, तशीच ती या साध्या वस्तूंतही असते. १९३६ मध्ये गांधीजी याच जिल्ह्यातील शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. तेथील माती-बांबूची कुटी आणि खादी यांनी जे सांगितले, ते शंभर व्याख्यानांनी सांगितले नसते.

आज चित्र पालटले आहे. अमेरिकी जातींच्या कापसाने देशी वाण मागे सारले. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली आणि शेतकरी दरवर्षी संकरित बियाणे विकत घेऊ लागला. घरच्या सरकीतून पुढचा हंगाम राखण्याची रीत मोडली. हिंगणघाटची कापूस बाजारपेठ आजही मोठी आहे. पण ज्या कापसाने गावाला नाव दिले, तो शिवारात शोधावा लागतो.

डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर बनलेल्या पॉलिएस्टरच्या तिरंग्यासही मान्यता मिळाली. ध्वज घरोघरी पोहोचावा, हा हेतू स्वागतार्हच. स्वस्त कापड वापरणाऱ्या गरिबाला दोष देण्याचेही कारण नाही. प्रश्न आहे तो समर्थांचा. मंदिरातील देवाचे वस्त्र, शाळेचा गणवेश, नगरपालिकेवरील ध्वज ही खरेदी कोणाच्या तरी निर्णयाने होते. तो निर्णय घेताना आपल्या शिवाराचे स्मरण का राहू नये?

कपाशीच्या दरासाठी आंदोलन करावे आणि सत्कारात कृत्रिम धाग्याची शाल पांघरावी, ही विसंगती विदर्भाला शोभणारी नाही. ओळख घोषणांनी टिकत नाही. ती रोजच्या वापराने टिकते. हिंगणघाटच्या देवघरातील वात हिंगणघाटच्या कापसाची असावी, एवढा आग्रह आरंभाला पुरेसा आहे.