महिला दिनाची व्याख्याने गावात न्या

महिला दिनानिमित्त जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत होणारी स्त्री-इतिहासावरील व्याख्याने आम्हाला हवीच आहेत. पण ती हारतुऱ्यांवर संपू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाला हे सांगावे लागू नये. आसोद्यात जन्मलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. घरात-शेतात राबताना सुचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी व आप्तांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. तेव्हा कोणी वही उघडलीच नसती तर? अहिराणी, लेवा बोलीतल्या कितीतरी ओव्या आजही म्हाताऱ्यांच्या ओठांवरच आहेत. आजी गेली, की ओवीही जाते.

विद्यापीठाने पुढच्या ८ मार्चपूर्वी विद्यार्थ्यांना गावोगावी धाडून या ओव्या ध्वनिमुद्रित कराव्यात आणि या कामाला श्रेयांक द्यावेत.