पोरींच्या उड्यांना कुणाची हरकत?

अंबरनाथ एमआयडीसीत मी अकरा वर्षं पॅकिंगचं काम करते. आठ तास उभ्यानं. संध्याकाळी कंबर ठणकते, टाचा टेकवत नाहीत. मुलीला बास्केटबॉलच्या सरावाला घातलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला इतक्या उड्या? गर्भाशय सरकेल. घरकामात होतोच की व्यायाम!" आमच्या मंडळातल्या एका ताईंनीही मान डोलावली, त्याचं मला जास्त लागलं.

हा 'व्यायाम' मी जन्मभर करते आहे. एका जागी उभं राहून एकच हालचाल करत राहिल्यानं शरीर थकतं, घडत नाही. खेळात धावणं, थांबणं, वळणं असतं; हृदय-फुप्फुसांची ताकद वाढते. उडीवरून उतरताना हाडांवर जो भार येतो, त्यानं ती भरतात. मुलींच्या हाडांची बहुतेक भर अठराव्या वर्षापर्यंत होऊन जाते. नेमकी तीच वर्षं आपण "मोठी झालीस, पुरे आता" म्हणून तिला घरात बसवतो! आणि अंग बाहेर येतं ते उड्यांनी नव्हे. लागोपाठच्या बाळंतपणांनी, ओल्या बाळंतिणीनं हंडे उचलल्यानं. त्या हंड्यांना कुणी हरकत घेतलेली मला आठवत नाही.

हे भय आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत हा खेळ 1891 मध्ये सुरू झाला. लगेच पुढच्या वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवला, पण मैदानाचे तीन भाग पाडून. कुणी आपली रेघ ओलांडायची नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुष 1936 साली खेळले, बायका 1976 साली.

धोके आहेतच. गुडघ्याचा स्नायुबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा दोन-तीन पट आहे. गुडघे वाकवून नीट उतरायला शिकवलं तर ते कमी होतं. ते शिकवा ना! पाळी थांबली तर "खेळानं होतं असं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा मेहनतीच्या मानानं पोटात अन्न जात नसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना रक्तक्षय निघाला. अशा अंगानं पळणारी पोर धापा टाकणारच. मग खेळ बंद करायचा, की ताट भरायचं?

परवा सासूबाईंनी घरातलं एकुलतं अंडं नातवाला वाढलं. मी ते अर्धं करून मुलीच्या ताटात ठेवलं. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं दोन अंडी आणली.