पदवीची झालर?



गेल्या अंकातील पत्रलेखकांनी अमेरिकी कॉलेजांतल्या स्पॅनिश मायनरला, म्हणजे मुख्य विषयासोबत घेतलेल्या दुय्यम अभ्यासक्रमाला, पदवीची झालर ठरवले. त्या देशात चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात! टेक्सासात नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला ‘कुठे दुखतंय, कधीपासून?’ हे रुग्णाच्याच भाषेत विचारता आले, तर ती झालर कशी?

मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या २०२१ च्या पाहणीत अमेरिकी कॉलेजांत परभाषा शिकणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास विद्यार्थी स्पॅनिशचे होते. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने भाषाविभाग गुंडाळायला घेतला. स्पॅनिश आणि चिनीचे काही वर्ग मात्र त्यालाही राखावे लागले.

पत्रलेखकांचे एक म्हणणे रास्त आहे. मायनरच्या चार-सहा विषयांनी कुणी दुभाषी होत नाही. फेडरल न्यायालयांत स्पॅनिश दुभाष्यांसाठी वेगळी प्रमाणपत्र परीक्षा असते, आणि ती भल्याभल्यांना घाम फोडते.

– एक वाचक